वरात गेली, वाजंत्री उरला

‘बँड’ हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे लाल कोट येतो, त्यावरची पितळी बटणं येतात, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं येतात आणि लग्नात ज्याला दुसरं काहीच काम दिलेलं नाही असा, घोड्यापुढे बेभान नाचणारा एक मामेभाऊ येतो. बँडवाल्याला आपण गवई मानत नाही. वाजवून झालं की बुंदीचा लाडू आणि ठरलेली बिदागी देऊन त्याला वाटेला लावतो. त्याचं नाव काय, हे विचारण्याची आपल्यात पद्धत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्या बँडमधला क्लॅरिनेटवाला पन्नास वर्षांनी एकटाच तुमच्या दिवाणखान्यात आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, “मंडळी, वरातीत वाजवायचो तीच गाणी ऐकवतो. फक्त ढोल नाही, ताशा नाही आणि घोडाही नाही.” आपण काय करू? आधी त्याला चहा विचारू आणि मग हळूच घड्याळाकडे बघू. ढोल-ताशाशिवाय ते गाणं आपल्या पायांवर उभं राहील असा आपल्याला भरवसाच नसतो.

अमेरिकेत मात्र ह्या प्रकाराला लोक तिकीट काढून जातात. तिथे १९६० नंतरच्या दहा वर्षांत रॉकचे बँड गल्लोगल्ली निघाले. आपल्याकडे गणपतीची मंडळं निघतात तसे निघाले आणि मंडळांसारखेच, खजिनदार कोण आणि पुढे उभं राहायचं कोणी यावरून फुटले. फुटलेल्या बँडांतली जी माणसं म्हातारपणापर्यंत सुखरूप पोचली त्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला पंथ हजारो माणसांच्या मैदानात, धुरात आणि झगमगाटात, विशीतली गाणी शक्यतो विशीतल्याच विजारीत म्हणतो. दुसरा पंथ गिटार पाठीला मारून गावोगावच्या लहान नाट्यगृहांत जातो, एकटाच खुर्चीवर बसतो आणि तीच गाणी घरच्या माणसांना ऐकवावीत तशी ऐकवतो. ह्या दुसऱ्या पंथातल्या एका थोर पुरुषाबद्दल मला लिहायचं आहे. त्याचं नाव रॉजर मॅग्विन.

मी रॉकचा जाणकार नाही. माझे कान भावगीतांवर वाढले आणि नाट्यसंगीतावर पोसले. पण विषयात फारशी गती नसताना त्यावर समीक्षा लिहिण्याची मराठीत थोर परंपरा आहे आणि ती माझ्यापाशी येऊन खंडित व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय माझ्याजवळ पुरावा आहे. अमेरिकेतल्या भाच्याने बदाम आणि सांधेदुखीचं मलम यांच्याबरोबर दोन तबकड्या आणून दिल्या. एक १९६५ सालातली, बँडची. दुसरी १९९६ सालातली, ‘लाइव्ह फ्रॉम मार्स’ नावाची, मॅग्विनच्या एकट्याच्या कार्यक्रमाची. नावात मंगळ असला तरी टाळ्या वाजवणारी माणसं पृथ्वीवरचीच आहेत. मलम केव्हाच संपलं. तबकड्या अजून चालू आहेत.

दुसरी तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा आमची ही स्वैपाकघरातून म्हणाली, “हा मनुष्य गातोय की गप्पा मारतोय?”

मोठमोठ्या संगीतसमीक्षकांना जे दोन पानं लिहून सांगावं लागतं ते हिने फोडणी देता देता सांगितलं. कारण त्या कार्यक्रमाचं मर्म तेच आहे. पण ते समजायला आधी वरात कशी निघाली होती ते पाहायला हवं.

मॅग्विन शिकागोचा. जन्म १९४२ चा. १९५६ साली ट्रान्झिस्टरवर एल्विस प्रेस्लीचं ‘हार्टब्रेक हॉटेल’ ऐकलं आणि पोराने गिटारचा हट्ट धरला. पुढच्याच वर्षी शिकागोत ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’ नावाची लोकसंगीताची शाळा निघाली. तिथे तो गिटार शिकला आणि पाच तारांचा बँजोही शिकला. (हा बँजो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) मग चारचौघांच्या मागे बसून वाजवण्याची उमेदवारी झाली. १९६४ साली हा लॉस एंजलिसच्या ‘ट्रुबाडूर’ नावाच्या क्लबात एकटाच गिटार घेऊन उभा होता आणि बीटल्सची गाणी लोकगीतांच्या ढंगाने म्हणत होता. शुद्ध लोकसंगीताच्या त्या सोवळ्या मंडळींना हा धेडगुजरी प्रकार पसंत पडला नाही. पण ऐकणाऱ्यांत जीन क्लार्क नावाचा एक तरुण होता. त्याला पसंत पडला. मग डेव्हिड क्रॉसबी येऊन मिळाला. नंतर ख्रिस हिलमन आणि मायकेल क्लार्क आले (हा ढोलवाला, जीनचा भाऊबंद नव्हे), आणि ‘द बर्ड्‌स’ हा बँड उभा राहिला. बर्ड म्हणजे पक्षी. पण स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. आमच्या मास्तरांनी वेताची छडी काढली असती. इथे मात्र त्याची जगभर वाहवा झाली.

म्हणजे आरंभ एकट्याचाच होता, लहान खोलीतलाच होता, आणि लोकांना न आवडणारा होता. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कारण म्हातारपणी हा एकटा बसला तेव्हा पुष्कळांना वाटलं, बिचाऱ्याचा बँड गेला, आता काय करणार! विधवेच्या पोळपाट-लाटण्याकडे जग जसं कणवेने बघतं तसं त्याच्या गिटारीकडे बघितलं गेलं. वास्तविक तो माहेरी परत आला होता.

बीटल्सच्या १९६४ च्या सिनेमात जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची विजेची गिटार होती. ती बघून मॅग्विनने तशीच पैदा केली. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. काही जोड्यांतली एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकातली. एक सूर छेडला की त्याचं लहान भावंडही बरोबर बोलतं. त्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या इंजिनीयरने आवाज आवळून धरणारं यंत्र मधे बसवलं, त्यामुळे छेडलेला सूर मरेचना. तंबोऱ्याची जवारी चांगली लागली की जशी आस राहते तसा तो लांबत राहिला. पुढे जगभरच्या किती बँडांनी ह्या एका किणकिणाटावर प्रपंच चालवला त्याची गणती नाही.

आता त्या पहिल्या गाण्याची, ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ची गोष्ट. गाणं बॉब डिलनचं, चार कडव्यांचं. बर्ड्‌सनी त्यातलं एकच कडवं आणि धृपद घेतलं, दोन मात्रांचा ठेका चार मात्रांचा केला आणि आरंभी मॅग्विनने बारा तारांवर एक छोटी मोहोरेदार सुरावट ठेवली, बाखच्या एका चर्चसंगीतातून सुचलेली. डिलनने ऐकलं आणि ह्याच्यावर नाचताही येतं की, असं म्हणून आश्चर्य केलं म्हणतात. १९६५ च्या जूनमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पण गंमत पुढेच आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कंपनीला ह्या नवशिक्या पोरांच्या वाजवण्याचा भरवसा वाटला नाही. तिने लॉस एंजलिसचे कसलेले पगारी वादक बोलावले. ढोल त्यांचा, बास गिटार त्यांची. बँडपैकी वाजवायला एकटा मॅग्विन! बाकीच्यांना वाद्यं बाजूला ठेवायला लावली. म्हणजे ज्या गाण्याने बँड जगप्रसिद्ध झाला त्यात बँड वाजतच नाही. वरातीत बँडच्या कोटात दुसऱ्या गावचे वाजंत्री घुसवावेत तसा प्रकार.

मग बँडचं असं त्यात काय उरलं? उरले ते कंठ. मॅग्विन पुढे गातो आणि जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉसबी त्याच्या आवाजाच्या आजूबाजूला आपले आवाज लावतात. त्यातही क्रॉसबीचा आवाज असा काही वरच्या पट्टीतून अलगद येऊन बसतो की तो आला कधी ते कळत नाही, गेला की मात्र खोलीतला दिवा गेल्यासारखं होतं. ह्या गाण्यात जे भाड्याने आणता येण्याजोगं होतं ते कंपनीने भाड्याने आणलं. ह्या तीन गळ्यांचं मिश्रण काही कुठल्या बाजारात मिळत नव्हतं.

हे एकदा लक्षात आलं की म्हातारपणच्या तबकडीची खरी परीक्षा कुठे आहे ते उमगतं. ढोल नाही, बास नाही, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. ते तेव्हाही परक्यांचेच होते. गिटार जागेवर आहे, मुख्य आवाज जागेवर आहे. नाहीत ते दोन कंठ. आणि ते तर मुळात बँड होते.

आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना (भिंत पातळ असल्यामुळे ते माझ्या सर्व संगीतसाधनेचे भागीदार आहेत) मी हे सांगितलं. ते म्हणाले, “त्यात काय एवढं? बाबूजींनी नाही का एकट्याने सगळं गीतरामायण म्हटलं?”

मुद्दा बिनतोड वाटतो. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली गीतरामायण झालं तेव्हा पात्रागणिक गळे निराळे होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे सुधीर फडके स्वतः पेटी घेऊन बसले आणि राम, सीता, कौसल्या, सगळी मंडळी एकट्या गळ्यातून उभी केली. महाराष्ट्राला काहीही उणं वाटलं नाही. उलट पुष्कळांना तेच मूळ वाटू लागलं. पण हेडमास्तर एक गोष्ट विसरतात. गीतरामायणातली पात्रं एकामागून एक गातात. रामाचं झालं की सीता. एकट्या माणसाला ती सगळी होता येतं. बर्ड्‌सचे तिघे एकाच वेळी गात होते. एकाच वेळी तिघं होणं हे दत्तात्रेयाखेरीज कुणालाही जमलेलं नाही.

तेव्हा मॅग्विनने काय करावं? दोन तरुण गायक पगारावर ठेवून मागे उभे करावेत? विजेच्या खटपटी करून स्वतःचाच आवाज तिहेरी करावा? पुष्कळजण करतात. ह्याने तसं काही केलं नाही. ती जागा मोकळी ठेवली आणि तिच्या आजूबाजूला गोष्टी सांगायला सुरुवात केली.

इथे आमच्या हिचा प्रश्न पुन्हा आठवावा. गातोय की गप्पा मारतोय? अहो, हे तर कीर्तन आहे! ट्रान्झिस्टरवर एल्विस ऐकल्याची गोष्ट सांगायची आणि लगेच ते गाणं म्हणायचं. डिलनचं गाणं मुळात कसं होतं, त्याचा ठेका कसा बदलला, हे सांगायचं आणि बदललेलं गाऊन दाखवायचं. आख्यान लावायचं, मधेच पद घ्यायचं, पदातून पुन्हा आख्यानात उतरायचं. झांजा आणि उपरणं तेवढं नाही. गाणाऱ्याला अरेतुरे करण्याचा आपला जुना रिवाज आहे. पण कीर्तनकाराला आपण बुवा म्हणतो. तेव्हा ह्यापुढे त्यांना मॅग्विनबुवा म्हणणंच योग्य होईल.

बुवांच्या कीर्तनात टाळकरी कोण? समोर बसलेली माणसं. ‘टर्न! टर्न! टर्न!’ हे गाणं लागलं की सगळं सभागृह गाऊ लागतं. ह्या गाण्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. शब्द जवळजवळ सगळे बायबलातले, ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकातले; प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, असं सांगणारे. त्यांना चाल लावली पीट सीगर ह्या लोकगायकाने. १९६३ साली जूडी कॉलिन्सच्या तबकडीसाठी ह्या गाण्याची मांडणी करून देणारा तरुण म्हणजे आपले बुवाच. मग १९६५ च्या डिसेंबरात बर्ड्‌सनी तेच गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं. आणि अखेर ते पुन्हा एका गिटारीवर येऊन बसलं. पंचविशीत जो मजकूर नुसता छान वाटतो तो पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून आला की श्रोत्यांतले निम्मे लोक छताकडे बघू लागतात. बँडच्या तबकडीत हे गाणं वसंतातल्या मिरवणुकीसारखं आहे. एकट्याच्या गाण्यात पहिल्यांदा लक्षात येतं की अरे, ह्यात मरण्याचीही वेळ सांगितलेली आहे.

वाजवण्याबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर ह्या लेखाला समीक्षा म्हणता येणार नाही. आवाज आवळून धरणारं ते यंत्र साध्या लाकडी गिटारीत नसतं. छेडलेला सूर लवकर विझतो. मैदानी वादकाला एकट्याने बसवलं की त्याची पंचाईत होते ती इथेच. दोन सुरांच्या मधली शांतता त्याला खायला उठते, आणि मग तो ती भरायला जोरजोरात खाजवू लागतो. बुवांच्या मदतीला तो शिकागोच्या शाळेतला बँजो धावून येतो. अंगठा आणि तर्जनीत धरलेली चकती खर्जाचं काम करते आणि मधल्या दोन बोटांवर चढवलेल्या धातूच्या नख्या वरच्या तारांवर घरंगळत राहतात. सूर विझायच्या आत दुसरा हजर. बास आणि गिटार एकाच हातात. पुढे मार्टिन कंपनीने त्यांच्या नावाची सात तारांची गिटार काढली. तिच्यात सहापैकी तिसऱ्या तारेला तेवढी वरच्या सप्तकातली एक जोडीदारीण दिली आहे. बारा तारांचा किणकिणाट पाहिजे, पण बारा तारा जुळवत बसायला नकोत! एका खोलीत स्वैपाकघर, दिवाणखाना आणि देवघर बसवणाऱ्या चाळकरी माणसाला ह्या युक्तीची थोरवी वेगळी सांगायला नको.

ह्या सगळ्या कारागिरीचा कळस म्हणजे ‘एट माइल्स हाय’. मूळ गाणं १९६६ चं. त्याचा विषय १९६५ च्या ऑगस्टमधला त्यांचा विमानाने लंडनचा प्रवास. विमान आठ मैल उंच जात नाही, सहा-सात मैलच जातं; पण कवीला मैलभराची सवलत असते. अमेरिकेतल्या काही रेडिओवाल्यांनी उंचीचा अर्थ निराळाच लावला आणि हे नशापाण्याचं गाणं आहे म्हणून वाजवणं बंद केलं. ह्या गाण्याशी आपलाही दूरचा सोयरसंबंध आहे. त्या वर्षीच्या दौऱ्यात ही पोरं मोटारीत एकच टेप पुन्हा पुन्हा ऐकत होती. तिच्यात जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन होता आणि पंडित रविशंकरांची सतार होती. कोल्ट्रेनच्या एका रचनेचं नावच ‘इंडिया’. तिच्यातला एक तुकडा मॅग्विनने उचलून बारा तारांवर चढवला. वर्तमानपत्रवाल्यांनी ह्याला ‘रागा रॉक’ म्हटलं आणि पोरांनी प्रत्यक्ष सतार दाखवून पत्रकार परिषद घेतली. वास्तविक तबकडीत सतार औषधालासुद्धा नाही. क्रॉसबी तर ह्या सतारीवर इतका लट्टू झालेला, की जॉर्ज हॅरिसनच्या कानांवर रविशंकरांचं नाव घालणाऱ्यांत तो होता. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

१९६६ च्या तबकडीत हे गाणं म्हणजे भरकटलेल्या विमानात बसल्यासारखं आहे. गिटार वेडीवाकडी धावते, ढोल खालून हादरे देतो आणि तिघांचे आवाज ढगांसारखे शांतपणे वर तरंगतात. ही अशी रचना एकटा माणूस गिटारीवर कशी आणणार? बुवा ती आणायला जातच नाहीत. ते स्पॅनिश गिटारीच्या वळणाने सुरुवात करतात, आलापासारखे स्वर मांडतात, खर्जात रेंगाळतात, बोटांचा बँजो सुरू होतो आणि आपण वाट बघत राहतो की तो ओळखीचा तुकडा येणार कधी? तो आला की टाळी पडते. आपल्या बैठकीत रागाची खूण पटली की पडते तशी! मूळ गाण्यात हिंदुस्थान होता तो कोल्ट्रेनकडून उसना आणलेला, वरवरचा, स्वरांच्या आकृतीपुरता. ह्या एकट्याच्या वाजवण्यात सतारीचा एकही स्वर नाही. पण दमाने बढत करायची आणि ओळखीच्या जागेवर यायचं, हे आपलं शहाणपण त्यात अधिक मुरलेलं आहे. हे त्यांनी कुणाकडून घेतलं असेल असं मी म्हणत नाही. वयानेही येत असावं.

इतकं कौतुक झाल्यावर समीक्षकाने कुठेतरी चिमटा काढायचा असतो. माझा चिमटा खरा आहे. बुवांच्या गोष्टी फार गुळगुळीत झाल्या आहेत. वर्षानुवर्षं सांगून त्यांच्यातल्या सगळ्या कडा झिजल्या. ऐकताना वाटतं, हा बँड म्हणजे पाच गुणी मुलांची सहल होती. प्रत्यक्षात ती भाऊबंदकी होती. १९६७ च्या ऑक्टोबरात मॅग्विन आणि हिलमन आपापल्या महागड्या मोटारी घेऊन क्रॉसबीच्या घरी गेले आणि त्याला काढून टाकल्याचं सांगून आले. नंतरच्या तबकडीच्या वेष्टनावर चार खिडक्या आहेत. तिघांत तीन बर्ड्‌स आणि चौथीत घोडा! तो घोडा म्हणजे आपणच, असं क्रॉसबीने मनाला लावून घेतलं. मॅग्विनचं उत्तर असं, की तसा हेतू असता तर घोडा पाठमोरा उभा केला असता. उत्तर झकास आहे. जखमेवर लावण्यासारखं मात्र नाही. पुढे १९८९ च्या सुमारास ढोलवाला क्लार्क ‘बर्ड्‌स’ हे नाव लावून फिरू लागला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याला मनाई करायचं नाकारलं. नाटक कंपन्यांचा आणि तमाशाच्या फडांचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला ह्यात नवीन काही नाही. पण कीर्तनात ह्या भांडणांना फारशी जागा मिळत नाही. आख्यानात कौरव नसले की पांडवही पुसट होतात.

ह्या पाच जणांनी १९७३ साली पुन्हा एकत्र येऊन एक तबकडी केली, ती काही जमली नाही. १९९१ च्या जानेवारीत रॉक संगीताचा मोठा मान स्वीकारायला पाचही जण एका व्यासपीठावर आले. त्याच वर्षी मे महिन्यात जीन क्लार्क गेला, १९९३ साली मायकेल क्लार्क गेला. क्रॉसबीची पुन्हा एकत्र गाण्याची इच्छा होती. ती तो चारचौघांत बोलून दाखवी. मॅग्विनबुवांनी नाही म्हटलं आणि त्या ‘नाही’ला ते चिकटून राहिले. २०१८ साली हिलमनला बरोबर घेऊन एका जुन्या तबकडीच्या पन्नाशीचा दौरा केला, तोही बर्ड्‌स हे नाव न लावता. २०२३ च्या जानेवारीत क्रॉसबी गेला आणि प्रश्नच मिटला.

हा हट्ट बरोबर की चूक? भाच्याच्या मते चूक. एकदा तरी तिघे उभे राहायला हवे होते, हे त्याचं म्हणणं. ऐकणारा म्हणून मलाही तसंच वाटतं. त्या तीन गळ्यांसाठी मीदेखील तिकिटाला पैसे मोजले असते. पण समीक्षक म्हणून विचारलंत तर मी बुवांच्या बाजूचा आहे. एकत्र आले असते तर त्यांना १९६५ साल वाजवून दाखवावं लागलं असतं, आणि ते तबकडीत आहेच, आपल्याला हवं तेव्हा, बिनतिकीट. एकटं राहिल्यामुळे त्यांना त्या गाण्यांच्या आत शिरावं लागलं. माणसाला नाइलाज चांगला गुरू असतो.

आणि ह्यात मिळकतीचा मोह होता असंही म्हणता येत नाही. २००० साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना मॅग्विनबुवांनी सांगितलं, की त्या गाजलेल्या गाण्यांच्या मानधनापोटी हाती पडली ती सुरुवातीची बेताची उचलच. म्हणजे वरातीत बिदागी राहिली आणि बुंदीच्या लाडवावर भागवलं. असा मनुष्य म्हातारपणी मोठं मैदान सोडून लहान नाट्यगृहं धरतो, आणि १९९५ पासून दर महिन्याला एक जुनं लोकगीत स्वतः गाऊन, लोप पावू नये म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवण्याचं व्रत घेतो, तेव्हा त्याच्या मनात गल्ला नसतो हे उघड आहे. ऐंशी ओलांडल्यावरही बुवांनी कार्यक्रम केले. प्रवास शक्यतो मोटारीने, सोबतीला सौभाग्यवती, आणि कार्यक्रमाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच. बँड कितीही फुटले तरी हा एक बँड १९७८ पासून टिकला आहे.

तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावं? माझा सल्ला असा, की दोन्ही तबकड्या घ्याव्यात, पण तुलना करायला घेऊ नयेत. आधी १९६५ ची लावावी आणि तिच्यात क्रॉसबीचा वरचा आवाज कुठे येतो ती जागा कानांत नीट पक्की करून ठेवावी. मग म्हाताऱ्याची लावावी. ती जागा आली की बुवा आपला मधला, थोडासा खरखरीत सूर धरून बसलेले असतात आणि वर कोणी नसतं. नीट ऐकलंत तर तिथे सभागृहातून एक पुटपुटता आवाज येतो. समोरच्या अंधारात बसलेला कोणी तरी, बहुधा टक्कल पडलेला, उद्या सकाळी कचेरीत जायचं असलेला माणूस ती वरची पट्टी लावून बघत असतो. त्याला ती लागत नाही. बुवा गिटार जराशी हळू करतात आणि त्याला लावू देतात.